इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो?

रॅलीची हौस असलेल्या घरांत जुनी जिप्सी किंवा एस्टीम अजून जपून ठेवलेली सापडते. दोन्हींच्या बॉनेटखाली सुझुकीच्या एकाच घराण्यातले १,२९८ सीसीचे इंजिन. सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७५.५ मिलिमीटर, डोक्यावर एकच कॅमशाफ्ट. वजनाला हलके आणि रेस दिली की खुशीत वर जाणारे. अशी गाडी ऑटोक्रॉससाठी किंवा रॅलीसाठी तयार करायची म्हटले की पहिला सल्ला येतो कॅम बदलण्याचा. दुसरा सल्ला पेट्रोलचा: साधे पेट्रोल बंद करा, शंभर ऑक्टेनचे भरा. हे सल्ले वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या दिवशी मिळतात आणि मालक दोन्हींवर स्वतंत्र खर्च करून बसतो. प्रत्यक्षात हा निर्णय एकच आहे. इनटेक व्हॉल्व्ह नेमका कधी बंद होतो, यावर सिलिंडरमध्ये किती मिश्रण कोंडले जाते ते ठरते. कोंडलेले मिश्रण किती दाबले जाते, यावर इंजिनाला किती ऑक्टेन लागेल ते ठरते. मधला हा दुवा कळला नाही तर कॅमचे पैसेही वाया जातात आणि पेट्रोलचेही.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून कॅमची पुली एक अंश फिरवली की क्रँकच्या भाषेत ते दोन अंश भरतात. व्हॉल्व्हच्या वेळा नेहमी क्रँकच्या अंशांत मोजतात. पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा टीडीसी, सर्वांत खाली असतो ती बीडीसी. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीला उघडतो आणि बीडीसीला बंद होतो. खऱ्या इंजिनात असे होत नाही. रस्त्यावरच्या साध्या गाडीचा इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या साधारण १० अंश आधी उघडतो आणि बीडीसी उलटून गेल्यावर ५० अंशांनी बंद होतो. म्हणजे तो एकूण २४० अंश उघडा राहतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो तरीही आत येण्याची वाट मोकळी असते.

हे मुद्दाम केलेले असते, कारण हवेला वजन आहे. इनटेकच्या नळीतून वेगाने आलेला हवेचा स्तंभ पिस्टन थांबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. दादरला लोकल सुटायची वेळ झाली तरी मागचा लोंढा पुढच्यांना आत रेटतच असतो, तसे ते आहे. मात्र हा रेटा इंजिन जोरात फिरत असतानाच मिळतो. दीड-दोन हजार आरपीएमला नळीतली हवा संथ असते. तेव्हा उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलतो. रेसचा कॅम लावलेली गाडी सिग्नलला लंगडते आणि खालच्या आरपीएमला जीव नसल्यासारखी चालते, त्याचे मोठे कारण हेच. दुसरे कारण ओव्हरलॅप. टीडीसीच्या आसपास इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात. तो काळ वाढला की स्लोवर जळका वायू इनटेकमध्ये शिरतो आणि आयडल बिघडते.

कॅमच्या चार वेळा असतात: इनटेक उघडणे, इनटेक बंद होणे, एक्झॉस्ट उघडणे, एक्झॉस्ट बंद होणे. चारही महत्त्वाच्या आहेत, पण गाडीचा स्वभाव ठरवणारी वेळ म्हणजे इनटेक बंद होण्याची. बाकी तिन्हींबद्दल गॅरेजमध्ये जितकी चर्चा होते, तिच्या निम्मी जरी या एका वेळेबद्दल झाली तरी पुष्कळ पिस्टन वाचतील.

आता थोडा हिशेब करू. वरच्याच मापाचे इंजिन घेऊ. कनेक्टिंग रॉड १२० मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन रेशो ९.५ धरू. एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ३२५ सीसी जागा व्यापतो आणि टीडीसीला वर ३८ सीसी जागा उरते. ९.५ हा आकडा बीडीसीपासून मोजलेला आहे. पण बीडीसीला व्हॉल्व्ह उघडाच आहे, तेव्हा तिथे दाब सुरूच होत नाही. व्हॉल्व्ह ५० अंशांनी बंद झाला, तोपर्यंत पिस्टन जवळजवळ १० मिलिमीटर वर आलेला असतो. तिथून मोजले तर खरा दाब ८.४ पटच होतो. याला डायनॅमिक कॉम्प्रेशन म्हणतात.

त्याच इंजिनात लांब कालावधीचा रेसचा कॅम टाकला आणि इनटेक ७० अंशांनी बंद होऊ लागला, तर डायनॅमिक कॉम्प्रेशन ७.३ वर येते. एकच बोल्ट-ऑन भाग बदलला आणि खालच्या आरपीएमला इंजिनाने जवळपास एका पूर्ण आकड्याचे कॉम्प्रेशन गमावले. आता हेड घासून कॉम्प्रेशन रेशो ९.५ वरून ११ वर नेला, तर ७० अंशांच्या कॅमसह डायनॅमिक कॉम्प्रेशन पुन्हा ८.४ येते. अगदी मूळ गाडीइतके. म्हणजे कागदावर ११ कॉम्प्रेशनची दिसणारी गाडी दाबाच्या दृष्टीने साध्या गाडीच्या पंगतीत बसते. उलट तेच ११ कॉम्प्रेशन मूळ कॅमवर ठेवले, तर साध्या पेट्रोलवर ती गाडी चढावर नक्की नॉक करेल.

हा हिशेब भूमितीचा आहे, त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. वरच्या आरपीएमला हवेच्या रेट्यामुळे सिलिंडर जास्त भरतो आणि प्रत्यक्ष दाब या आकड्यापेक्षा चढतो. म्हणूनच टॉर्क सर्वाधिक असतो त्या आरपीएमच्या आसपास नॉकिंगचा धोका सर्वांत मोठा असतो. पण दोन कॅमची तुलना करायला आणि हेड किती घासायचे हे ठरवायला हा हिशेब उत्तम आहे. वही-पेन घेऊन अर्ध्या तासात होतो.

याच तत्त्वावर चालणारे एक नावाजलेले उदाहरण आहे आणि ते रेसचे नाही. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची पहिली प्रियस आली. तिच्या इंजिनाचे भूमितीतले कॉम्प्रेशन १३ च्या आसपास होते आणि तरी ते साध्या पेट्रोलवर चालत असे. कारण इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम खूप उशिरा बंद होत असे. आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग परत जाई, त्यामुळे दाब मर्यादेत राहत असे, पण जळाल्यावर प्रसरणाला मात्र पूर्ण १३ पट जागा मिळे. दाबण्याचा स्ट्रोक कमी आणि प्रसरणाचा जास्त, ही कल्पना मूळची इंग्रज अभियंता जेम्स ॲटकिन्सनची, १८८० च्या दशकातली. त्याने ती किचकट लिंकेज वापरून साधली होती. टोयोटाने कॅमच्या एका कोनात साधली. एव्हरेजसाठी प्रियसने जे केले, तेच ताकदीसाठी रेसचा कॅम करतो. दोघांचा दुवा इनटेक बंद होण्याच्या वेळेतच आहे.

नॉकिंग म्हणजे काय हे इथे नीट समजून घ्यावे लागेल. स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून सुरू होऊन सिलिंडरच्या भिंतीकडे सरकते. तिच्या पुढे जे मिश्रण अजून जळायचे असते, ते ज्योतीच्या मागच्या दाबाने आणखी दाबले जाते आणि तापते. ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले, तर कोपऱ्यातला तो साठा एका झटक्यात जळतो. दाबाची लाट सिलिंडरमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत आपटत राहते. ७४ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये तिचा सूर साधारण साडेसात किलोहर्ट्झच्या आसपास लागतो. टॉप गिअरमध्ये चढावर गाडी ओढली की ऐकू येणारा कोरडा, धातूचा टिकटिकाट तोच. या लाटा पिस्टनच्या माथ्यावरचा थंड वायूचा पातळ थर उडवून लावतात, मग ॲल्युमिनियम उघडे पडते आणि झिजते. रिंगा ठेवणारी पिस्टनची कड तुटते. मोकळा सायलेन्सर लावलेल्या रॅलीच्या गाडीत हा आवाज ड्रायव्हरला ऐकूच येत नाही, म्हणून तिथे तो जास्त घातक.

पेट्रोल या आपोआप पेटण्याला किती विरोध करते, ते ऑक्टेन नंबर सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने कॉम्प्रेशन बदलता येणारे इंजिन बनवून वेगवेगळी पेट्रोले त्यात जाळून पाहिली आणि इंजिनाची ताकद पेट्रोलाने अडवली आहे हे दाखवून दिले. पुढे १९२६ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहॅम एडगरने मोजपट्टी सुचवली. आयसोऑक्टेन हे नॉक न करणारे द्रव म्हणजे १००, आणि सहज नॉक करणारे नॉर्मल हेप्टेन म्हणजे ०. ज्या पेट्रोलाचे वागणे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे, ते ९१ ऑक्टेन. यासाठीचे ठरलेले एका सिलिंडरचे चाचणी-इंजिन १९२० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याचे कॉम्प्रेशन ते चालू असतानाच कमी-जास्त करता येते. आजही जगभर त्याच घडणीचे इंजिन वापरतात.

या इंजिनावर दोन प्रकारच्या चाचण्या होतात. ६०० आरपीएमची सौम्य चाचणी म्हणजे आरओएन. ९०० आरपीएमची, गरम मिश्रणाची कडक चाचणी म्हणजे एमओएन. आपल्याकडे पंपावर लिहितात तो आरओएन. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ आरओएन आणि ८१ एमओएन लागतो, प्रीमियमला ९५ आणि ८५. अमेरिकेत पंपावर या दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथले ९३ म्हणजे आपल्या मोजणीने साधारण ९७-९८. अमेरिकन पुस्तकात ‘हा कॅम आणि एवढे कॉम्प्रेशन ९१ वर चालते’ असे वाचून आपल्या पंपावरचे ९१ टाकणारा माणूस चार-पाच आकड्यांनी कमी पेट्रोल भरत असतो. वाचलेला आकडा कुठल्या देशातला आहे ते आधी पाहा.

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलात ताकद जास्त, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ऑक्टेन ही सहनशक्ती आहे. ती दाब वाढवण्याची किंवा स्पार्क आधी देण्याची मुभा देते. मुभा वापरली तरच ताकद मिळते. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले. तेव्हा फायदा पेट्रोलाच्या रंगाने झाला नाही, तर मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरचा दाब सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेता आला म्हणून झाला. आपल्या साध्या कम्यूटर गाडीत १०० ऑक्टेन टाकून दाबही तोच आणि टायमिंगही तेच ठेवले, तर जळते तेवढेच.

आपल्याकडच्या पेट्रोलाची कथा गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलली आहे. शिसे मिसळून ऑक्टेन वाढवण्याची युक्ती थॉमस मिजलीच्या प्रयोगांतून १९२१ साली निघाली, तिने पिढ्यान्‌पिढ्यांच्या फुप्फुसांत विष भरले, आणि भारतात ती १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झाली. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० बाजारात आणले, पहिल्या टप्प्यातल्या शहरांत मुंबई आणि पुणे होते. आणि आता इथेनॉल. २०२३ पासून निवडक पंपांवर आणि २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. शुद्ध इथेनॉलचा आरओएन १०८ च्या वर असतो, त्यामुळे ई२० साधारण ९५ ला पोहोचते. शिवाय इथेनॉलचे बाष्प होताना ते पेट्रोलाच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषून घेते, म्हणजे आत जाणारे मिश्रण थंड होते आणि नॉकिंग आणखी मागे हटते.

तेव्हा ट्यून केलेल्या गाडीच्या मालकाने ई२० ला नाक मुरडण्याआधी हे लक्षात घ्यावे की साध्या पंपावर त्याला पूर्वीपेक्षा जास्त ऑक्टेन मिळते आहे. मात्र त्याची किंमतही आहे. लिटरमागे उष्णता सुमारे सहा-सात टक्के कमी मिळते, आणि मिश्रण योग्य ठेवायला पेट्रोल तितके जास्त सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सरच्या हवाली असलेला ईसीयू साध्या चालीत हे सांभाळून घेतो. पण पूर्ण थ्रॉटलला बहुतेक ईसीयू ठरलेल्या नकाशावर चालतात, आणि कार्ब्युरेटरला तर जेट मोठा केल्याशिवाय काहीच कळत नाही. जुन्या पेट्रोलावर बसवलेला नकाशा ई२० वर तसाच ठेवला, तर इंजिन नेमके जिथे जास्त भार आहे तिथे लीन चालते. जुन्या गाडीतले रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. ते आधी बदलावे लागतात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पाणी साठण्याकडेही लक्ष द्यावे लागते.

आता कॅमच्या टायमिंगचे प्रत्यक्ष काम. कॅम एका दाताने पुढे-मागे करून पाहू, असे म्हणणारे मिस्त्री भेटतात. कॅमच्या पुलीला ४० दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. हवी असते ती दुरुस्ती २ ते ४ अंशांची. म्हणून लांबट भोकांची ॲडजस्टेबल पुली लागते. तिचा व्यास ११० मिलिमीटर असेल, तर क्रँकचे ४ अंश म्हणजे पुलीच्या कडेवर दोन मिलिमीटरहून थोडे कमीच. नखाएवढ्या जागेत गाडीचा स्वभाव बदलतो. पुलीवरच्या खुणा कॅमच्या अंशांत आहेत की क्रँकच्या, हे बोल्ट सैल करण्याआधी विचारून घ्यावे. इथे गफलत झाली की दुप्पट सरकते.

हेड घासलेले असेल तर कॅमचे टायमिंग आपोआप मागे पडलेले असते, हे फार थोडे लोक तपासतात. हेड खाली आले की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची ताणलेली बाजू तेवढी सैल पडते आणि ती भरून काढायला क्रँकला आधी थोडे फिरावे लागते. वरच्याच पुलीवर एक मिलिमीटर घासण्याचे क्रँकचे जवळजवळ दोन अंश होतात. म्हणून हेडचे काम झाल्यावर पुलीवरची कंपनीची खूण जुळली म्हणजे टायमिंग जुळले, असे समजू नये.

मोजायची पद्धत अशी. आधी टॅपेट क्लिअरन्स नेमके करून घ्यायचे, कारण क्लिअरन्स वाढले की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो. क्रँकच्या पुलीवर अंशांची तबकडी बसवायची. प्लगच्या भोकातून पिस्टन अडेल असा स्टॉप आत लावायचा आणि क्रँक हाताने दोन्ही बाजूंनी, पिस्टन टेकेपर्यंत हळूच फिरवायचा. एका बाजूला तबकडीवर ३४ आणि दुसऱ्या बाजूला २८ आले, तर काटा तीन अंश चुकलेला आहे. तो सरकवून दोन्हीकडे ३१ आणायचे, म्हणजे शून्यावर खरे टीडीसी आले. पिस्टन वर आला की नाही हे स्क्रू-ड्रायव्हरच्या हालचालीवरून ठरवणे पुरेसे नाही, कारण टीडीसीच्या आसपास क्रँक तीन-चार अंश फिरला तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा दिसत नाही.

मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेजची सुई व्हॉल्व्हच्या रेषेतच टेकवायची. पूर्ण लिफ्ट येऊ द्यायची आणि डायल शून्यावर आणायचा. पूर्ण लिफ्टच्या जागी सुई बराच वेळ स्थिर भासते, तेव्हा तिचा नेमका मध्य डोळ्यांनी सापडत नाही. म्हणून लिफ्ट ०.१ मिलिमीटर कमी असताना चढताना एकदा आणि उतरताना एकदा तबकडी वाचायची. चढताना ९६ आणि उतरताना १२४ आले, तर मध्य ११० अंश. ही इनटेकची सेंटरलाइन. क्रँक नेहमी इंजिनाच्या दिशेनेच फिरवायचा. आकडा ओलांडून गेला तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे, नाहीतर बेल्टची ढिलाई मोजमापात शिरते. कॅमच्या कार्डावर १०६ लिहिलेले असेल आणि आपल्याला ११० दिसत असेल, तर कॅम ४ अंश मागे आहे.

मागे आहे म्हणजे काय झाले? आपल्या उदाहरणातल्या साध्या कॅमचा इनटेक ५० ऐवजी ५४ अंशांनी बंद होतो आणि डायनॅमिक कॉम्प्रेशन ८.४ वरून ८.२ होते. खालचा पिकअप थोडा जातो, वरची ताकद थोडी लांबते. उलट ४ अंश पुढे नेला तर इनटेक ४६ ला बंद होतो आणि आकडा ८.५५ होतो. पिकअप सुधारतो आणि त्याच वेळी ऑक्टेनची भूकही वाढते. जिप्सीसारख्या एकाच कॅमच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकदमच सरकतात, ओव्हरलॅपचा काळ बदलत नाही. दोन कॅमच्या इंजिनात मात्र इनटेक पुढे आणि एक्झॉस्ट मागे नेला की ओव्हरलॅप वाढतो, तेव्हा तिथे अधिक जपून.

आणखी एक गोष्ट नॉकिंगशी थेट जोडलेली आहे. ज्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमच्या टोकाला बसतो, तिथे कॅम ४ अंश पुढे केला की स्पार्कही क्रँकच्या ४ अंशांनी आधी पडू लागतो. कॅम पुढे केला, पिकअप एकदम वाढला, दोन दिवसांनी हेड गॅस्केट गेले, अशा तक्रारींत कॅमचा दोष थोडा आणि विसरलेल्या टायमिंग लाइटचा फार असतो.

बोल्ट आवळल्यावर इंजिन स्टार्टरने फिरवायचे नाही. पान्याने हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे घ्यायचे. कुठे अडले तर जोर लावायचा नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. नवा कॅम जास्त लिफ्टचा असेल तर हे अंतर मोजलेच पाहिजे. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या खळग्यात मुलांच्या खेळण्यातली मऊ चिकणमाती लावायची, हेड तात्पुरते बसवून दोन फेरे घ्यायचे आणि हेड उतरवून ब्लेडने मातीचा काप घ्यायचा. सर्वांत पातळ जागी व्हर्नियरने इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर तरी भरले पाहिजेत. व्हॉल्व्ह आणि पिस्टन सर्वांत जवळ येतात ते टीडीसीला नव्हे, तर त्याच्या दहाएक अंश अलीकडे-पलीकडे.

एवढे झाल्यावर पेट्रोल निवडायचे. त्यासाठी डायनोवर एक साधी परीक्षा आहे. एका ठरलेल्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर, इग्निशन एकेक अंशाने आधी करत टॉर्क पाहायचा. टॉर्क वाढत जातो, मग एका जागी थांबतो, पुढे घटू लागतो. नॉकिंग न होता तो थांबण्याची जागा गाठता आली, तर हातात असलेले पेट्रोल पुरेसे आहे. त्याहून वरच्या ऑक्टेनवर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया. टॉर्क अजून वाढत असतानाच नॉकिंग सुरू झाले, तर त्या इंजिनाला जास्त ऑक्टेन हवे आहे, किंवा कॉम्प्रेशन कमी हवे आहे, किंवा इनटेक उशिरा बंद व्हायला हवा आहे. तिन्हींपैकी सर्वांत स्वस्त उपाय कोणता, ते गाडीच्या वापरावर ठरते. वर्षातून चार रॅली करणाऱ्याला महाग पेट्रोल परवडते, रोज कामावर जाणाऱ्याला कॅम ४ अंश मागे घेणे परवडते.

डायनो नसेल तर प्लग वाचायचा. पूर्ण थ्रॉटलवर गाडी ओढून लगेच इंजिन बंद करून प्लग काढला, आणि पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक काळे ठिपके किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर ते पिस्टनचेच कण आहेत. तिथेच थांबायचे.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल एवढेच की ‘३० पॉइंट वाढ’ म्हणजे बहुतेक वेळा ३ ऑक्टेन नंबर. ९१ आणि १०० चे पेट्रोल निम्मे-निम्मे मिसळले तर साडेपंचाण्णवच्या जवळपास मिळते, आणि ते बहुतेक बाटल्यांपेक्षा खात्रीचे आहे.

हवामानही हिशेबात धरावे लागते. मे महिन्यात नागपुरात बॉनेटखाली जी हवा इंजिन ओढते, ती जानेवारीतल्या नाशिकच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते, आणि थंडीत बेताने जमवलेले टायमिंग उन्हाळ्यात नॉक करते. ट्यूनिंग नेहमी उन्हाळ्याला धरून करावे. उंचीचा परिणाम उलटा. लेहला साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. सिलिंडर कमी भरतो, दाब कमी, ताकदही कमी आणि ऑक्टेनची गरजही कमी. १९९९ पासून रेड द हिमालय रॅलीत धावलेल्या जिप्सींना त्या उंचीवर महागडे पेट्रोल फार उपयोगाचे नव्हते. लवकर इनटेक बंद करून खालचा टॉर्क वाचवणारे कॅम टायमिंग तिथे जास्त कामाचे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ही कामे मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना असलेल्या एफएमएससीआयच्या नियमांखालच्या स्पर्धेसाठी आणि बंद ट्रॅकसाठी करावीत. सार्वजनिक रस्त्यावर गाडी तिच्या कागदपत्रांप्रमाणेच असावी.

कॅम विकत घेताना त्याचे कार्ड मागून घ्या. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा कोणत्या लिफ्टला मोजल्या आहेत, हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे. एक मिलिमीटर लिफ्टला मोजलेला कालावधी प्रत्यक्ष कालावधीपेक्षा बराच कमी दिसतो, आणि तो आकडा वरच्या हिशेबात घातला तर डायनॅमिक कॉम्प्रेशन भलतेच येते. कार्ड देता येत नसेल, तर तो कॅम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.